कंपासपेटीतले रंग



आज आम्ही तुमच्यापुढे पुस्तक घेऊन आलो नाही. ही एक पेटी आणली आहे. नीट पाहा. काय आहे हे? बरोबर, कंपासपेटी. तुमच्याही घरात अशी एखादी असेल. पोराची शाळा संपली, कर्कटक मोडले आणि पेटी फळीवर पडून राहिली.

आता आम्ही ती उघडतो. आत कर्कटक नाही, पट्टी नाही. सोड्याच्या बाटलीची चार पत्र्याची झाकणे आहेत. एकात तांबडा रंग आहे. एकात पिवळा, एकात निळा, एकात काळा. शेजारी आखूड कुंचला आहे. एक चिंधी आहे. बस्स, एवढेच. ही पेटी पिशवीच्या तळाशी कुठेही मावते. एस.टी.त मांडीवर उघडता येते. वारीत विसाव्याच्या जागी काढता येते.

ही पेटी आम्ही घरी केली आहे. रंगही घरीच केले आहेत. ते कसे करायचे हे आज सांगावयाचे आहे. पण ही पेटी आम्हाला का करावी लागली, ते आधी ऐका.

आम्ही मॅट्रिक झालो आणि शिक्षक झालो. १९८३ साली आमची बदली अकोले तालुक्यात झाली. डोंगरातली एक वाडी होती. आमचे घर पारनेरच्या बाजूला, कोरड्या मुलखात. घरी आई-वडील, थोडी शेती आणि आमच्या सौ. लग्नाला दोनच वर्षे झाली होती. त्या काळी आमच्या गावी फोन नव्हता. दर आठवड्याला आम्ही घरी एक कार्ड टाकत असू.

सौ.ला वाचता येत नव्हते. कार्ड आले की पोस्टमनदादा अंगणात उभे राहून ते मोठ्याने वाचत. आई ऐके, वडील ऐकत, शेजारीही ऐकत. मग आम्ही काय लिहिणार? ‘मी खुशाल आहे. तुम्हा सर्वांची खुशाली कळवावी.’ घरून उत्तर येई. ते शेजारचा शाळकरी मुलगा लिही. त्यातही तेच. ‘इकडे सर्व क्षेम आहे.’

दिवाळीत आम्ही घरी गेलो. तेव्हा कळले की श्रावणात सौ. पंधरा दिवस तापाने पडून होती. आम्ही म्हणालो, “अगं, कळवायचं नाही का?” ती म्हणाली, “कुणाच्या हातून कळवू? पत्र लिहिणारं पोर दुसऱ्याचं. सांगायला गेले तर साऱ्या आळीला कळतं. आणि तुमचं पत्र येतं माझ्यासाठी, पण बोलतं पोस्टमनशी.”

या बोलण्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही वाडीवरच्या पोरांना अ आ इ शिकवत होतो. पगार त्याचाच घेत होतो. पण सुट्टीत घरी आल्यावर आपल्या बायकोजवळ पाटी घेऊन तासभर बसावे, हे आम्हाला सुचले नाही. हा दोष आमचाच. तो आम्ही तुमच्यापुढे कबूल करतो.

परत गेलो, तेव्हा एक युक्ती सुचली. तिला अक्षर वाचता येत नाही, पण डोळे तर आहेत! पुढल्या पावसाळ्यात आम्ही कार्डावर चित्र काढले. शाळेची खोली काढली. कारवीच्या कुडाची भिंत काढली. वरून पाऊस. इरली घेतलेली सात पोरे. छपरातून तीन ठिकाणी धार लागलेली आणि खाली मास्तर उकिडवे बसलेले. रंग कसला? शाळेच्या कुंडीला लावायला आणलेला गेरू आणि दौतीतली शाई.

आठ दिवसांनी आमच्या गावचा एक माणूस वाडीवर आला. त्याच्या हाती सौ.ने घोंगडी पाठवली होती. कार्डात आम्ही घोंगडी मागितली नव्हती. ते गळके छप्पर पाहून तिनेच ओळखले होते. पहिल्यांदाच आमचे पत्र तिने स्वतः वाचले होते, मधे कोणी नव्हते.

त्या दिवसापासून रंग जवळ बाळगायचे आम्ही ठरवले. पण दुकानातली रंगपेटी शहरात मिळायची आणि पैसे पडायचे. म्हणून ही घरची पेटी. आता ती करण्याची रीत ऐका.

पहिली गोष्ट पेटीची. कंपासपेटी चांगली, कारण ती चपटी असते आणि झाकणाला बिजागरी असते. पेटी घासून धुवा. गंज असेल तर तो काढा. झाकणाला आतून पांढऱ्या ऑइलपेंटचे दोन हात द्या आणि दोन-तीन दिवस वाळू द्या. याचे दोन फायदे आहेत. पत्रा गंजत नाही आणि झाकणच रंग मिसळायची ताटली होते. पांढऱ्यावर रंग खरा दिसतो. मग सोड्याच्या बाटलीची चार झाकणे घ्या. ती सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने तळाला चिकटवा. एका ओळीत चार झाकणे बसतात आणि कुंचल्याला बाजूला जागा उरते.

दुसरी गोष्ट रंगांची. रंग म्हणजे तरी काय? बारीक पूड आणि ती कागदाला धरून ठेवणारा चीक. दुकानातल्या वडीतही हेच असते. साधारण १७८० च्या सुमारास लंडनमध्ये रीव्ह्ज नावाच्या रंगवाल्यांनी अशा पाणरंगाच्या वड्या विकायला काढल्या. त्याआधी चित्रकार आपापला रंग घोटून घेत किंवा नोकराकडून घोटवून घेत. म्हणजे घरी रंग करणे ही काही कमीपणाची गोष्ट नाही.

तांबडा रंग गेरूचा. पिवळा रंग पिवळ्या मातीचा. तिला कोणी रामरज म्हणतात, कोणी पिवळी काव म्हणतात. दोन्ही बाजारात मिळतात. तुमच्या रानातली तांबडी मातीही चालेल. मात्र तिच्यात रेती असते. ती काढायची रीत तुम्हाला सोपी आहे. माती एका भांड्यात भरपूर पाण्यात ढवळा. मिनिटभर थांबा. रेती खाली बसते. वरचे गढूळ पाणी हळूच दुसऱ्या भांड्यात ओता. ते रात्रभर ठेवा. सकाळी वर नितळ पाणी आणि खाली मऊ गाळ दिसेल. पाणी ओतून टाका आणि गाळ वाळवा. तो गाळ म्हणजेच तुमचा रंग.

काळा रंग काजळीचा. पणती पेटवा आणि तिच्यावर तांब्याची किंवा पितळेची थाळी पालथी धरा. थाळी विटांवर टेकवली म्हणजे हात भाजत नाही. जमलेली काजळी खरवडून घ्या. एका रात्रीत पुरेशी मिळणार नाही. तीन-चार रात्री लागतील.

निळा रंग कपड्यांना घालायच्या निळीच्या पुडीचा. पूडच घ्या. बाटलीतली पातळ नीळ नको. या निळीला आंबट लागू देऊ नका, तिचा रंग उडतो.

आता तुम्ही विचाराल, ‘मास्तर, पिवळ्याला हळद का नको? घरात आहे ना?’ आम्हीही तोच विचार केला होता. हळदीने करडईचे शेत रंगवले. फार झकास दिसले. कार्ड खिडकीत ठेवले. महिनाभरात शेत पांढरे पडले! हळद उन्हात उडते. जास्वंदीचा, पळसाचा रंगही असाच उडतो. माती मात्र उडत नाही. गेरूचा तांबडेपणा हा एक प्रकारे लोखंडाचा गंजच आहे. गंजाला ऊन काय करणार? अजिंठ्याची लेणी तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. तिथली पुष्कळशी चित्रे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत, काही त्याहूनही जुनी आहेत. त्यांत तांबडी माती आहे, पिवळी माती आहे, हिरवी माती आहे आणि काळ्याला काजळी आहे. निळा दगड तेवढा दूर अफगाणिस्तानकडून आला होता. बाकीचे रंग पायाखालच्या मातीतले.

रांगोळीचे रंगही घेऊ नका. ती रंगवलेली दगडाची पूड असते. पाण्यात रंग सुटतो आणि कचकच खाली राहते.

आणि ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शेंदूर वापरू नका. त्यात शिसे असते. हरताळ वापरू नका, त्यात सोमल असतो. हिंगूळही नको, त्यात पारा असतो. जुने चित्रकार ते वापरत, पण ही तिन्ही विषे आहेत. घरात लहान मूल असते. पेटी त्याच्याही हाती लागणार.

तिसरी गोष्ट चिकाची. त्यासाठी बाभळीचा डिंक घ्यावा. बांधावरच्या बाभळीला खोडावर आलेला असतो तोच. पण डिंक अनेक झाडांचा असतो, म्हणून पारख करा. एक खडा वाटीभर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तो विरघळून पाणी चिकट झाले तर डिंक कामाचा. खडा साबुदाण्यासारखा फुगून बसला तर तो आपल्या कामाचा नाही.

दोन चमचे डिंक कुटून बारीक करा. तो चार चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळा, म्हणजे साल आणि कचरा निघून जाईल. त्यात एक चमचा मध घाला. मधामुळे रंग वाळल्यावर दगडासारखा होत नाही आणि ओला कुंचला लावताच सुटतो. शेवटी लवंगेच्या तेलाचे दोन थेंब टाका, म्हणजे बुरशी धरत नाही. झाला चीक तयार.

आता घोटणे. गुळगुळीत लादीचा तुकडा घ्या. देवपूजेची सहाण घेऊ नका, घरचे रागावतील. एक चमचा पूड आणि तेवढाच चीक लादीवर घ्या. स्टीलच्या वाटीच्या सपाट बुडाने गोल गोल घोटा. पाव तास तरी घोटा. बोटाला कचकच लागता कामा नये. मधासारखा दाट झाला म्हणजे रंग झाला. काजळी पाण्यात लवकर मिसळत नाही, वर तरंगते. तिला आधी चिकाचे दोन-चार थेंबच घालून दाबून घोटा, मग बाकीचा चीक घाला. कोरडी पूड हाताळताना नाका-तोंडाला फडके बांधावे.

झाकण एकदम भरू नका. पातळ थर ओता. सावलीत एक-दोन दिवस वाळू द्या. मग दुसरा थर, मग तिसरा. उन्हात वाळवाल तर रंगाला भेगा पडतील.

पहिल्या वेळी चूक होणारच. चूक कशी ओळखायची ते सांगतो. वडीला भेगा पडल्या तर मध कमी झाला. वडी चार-पाच दिवसांनीही चिकटच राहिली तर मध जास्त झाला. चित्र वाळल्यावर बोटाला रंग लागतो, तर डिंक कमी झाला. चित्र चकचकीत दिसते आणि रंगाचे पापुद्रे निघतात, तर डिंक जास्त झाला. अशी वडी फेकू नका. पाणी घालून भिजवा, कमी पडले ते घाला, जास्त झाले असेल तर पूड वाढवा आणि पुन्हा घोटा.

आणखी एक अनुभव. आमची पहिली पेटी आम्ही रात्री उघडी ठेवून निजलो. सकाळी पाहतो तो पेटीत मुंग्यांची रांग! मधाचा वास त्यांना आमच्या आधी कळला. तेव्हा पेटी मिटून ठेवा. पण ओली मिटू नका, नाहीतर पावसाळ्यात बुरशी येते. काम झाले की घटकाभर वाळू द्या, मग मिटा.

कुंचला बाजारातून एकच आणा, चार किंवा सहा नंबरचा. दांडा मागून कापून पेटीत बसेल एवढा करा. तोही नसेल तर बांबूची बारीक काडी घेऊन तिचे टोक ठेचा. वारली समाजातल्या बाया लग्नाचा चौक लिहितात तो तांदळाच्या पिठाने आणि बांबूच्या काडीने. डहाणू भागातले जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रे कागदावर आणली, जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. तेव्हा काडीला कमी लेखू नका. मात्र रंगाचा कुंचला तोंडात घालून टोक करायचे नाही. ही खोड वाईट.

पाण्याला डोळ्यांच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन घ्या. ती सदऱ्याच्या खिशात बसते. कागद थोडा जाड हवा. पोस्टकार्डाएवढा कापून घ्या, म्हणजे १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद.

चार रंगांत काय होणार, असे वाटेल. करून पाहा. निळा आणि पिवळा मिसळा, मळकट हिरवा होईल. सावलीतल्या लिंबाच्या पाल्यासारखा. तांबडा आणि पिवळा मिसळा, पिकल्या रानाचा रंग येईल. तांबड्यात थोडा निळा घाला, लांबचे डोंगर होतील. निळ्यात काळ्याचे बोट लावा, पावसाचा ढग होईल. पांढरा रंग केलाच नाही, कारण कागद पांढरा आहे. जिथे पांढरे हवे तिथला कागद तसाच सोडा. आधी फिके रंग द्या, ते वाळू द्या, मग गडद द्या.

चित्र सुबक आले नाही तरी हरकत नाही. आमची गाय पुष्कळ दिवस शेळीसारखी दिसत असे. सौ. हसायची, पण गाय आहे हे तिला कळायचे.

आता आमच्या गोष्टीचा शेवट सांगतो. पुढे सुट्टीत घरी आलो तेव्हा आम्ही तशीच दुसरी पेटी सौ.ला करून दिली. तीही कार्डावर चित्रे काढू लागली. पत्ता लिहिलेली कार्डे आम्ही आधीच देऊन ठेवत असू. एकदा गाय आणि वासरू आले. आम्ही समजलो, गाय व्याली. एका उन्हाळ्यात नुसती विहीर आली. विहिरीच्या पायऱ्या तिने एक एक मोजून काढल्या होत्या. चौदा पायऱ्या उघड्या होत्या आणि तळाशी निळीचा एवढासा ठिपका. दुसरे काही नव्हते. आम्ही त्या कार्डाकडे पुष्कळ वेळ पाहत बसलो. मग पगारातले पैसे घेऊन पहिल्या एस.टी.ने घरी गेलो आणि वैरणीची सोय केली.

१९८८ साली देशात राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले. दोन-तीन वर्षांनी आमच्या गावातही रात्रीचा वर्ग निघाला. सौ. त्या वर्गाला जाऊ लागली. तिला शिकवणारी पोर आमच्याच हाताखाली शिकलेली होती. हे काम आम्हीच आठ वर्षे आधी करायला हवे होते, हे आम्हाला त्या वेळी फार लागले.

त्या वर्षी पावसाळ्यात एक कार्ड आले. पुन्हा तीच विहीर. पण आता एकही पायरी दिसत नव्हती, काठापर्यंत निळा रंग होता. आणि चित्राखाली, काजळीच्या काळ्या रंगाने, कुंचल्याने, वाकडी पण ठसठशीत दोन अक्षरी शब्द लिहिले होते. ‘पाणी आले.’ त्याखाली तिचे नाव.

ते कार्ड आमच्याजवळ अजून आहे. आज बरोबर आणले आहे, हे पाहा. हातोहात फिरवा, पण ओला हात लावू नका. पाणरंग आहे. माती जशीच्या तशी आहे.

तुम्ही म्हणाल, ‘मास्तर, आता घरोघर मोबाइल आहे. कार्ड कशाला?’ खरे आहे. फोन जरूर करा. तातडीचे काम फोननेच करावे. पण फोनवरचे बोलणे वाऱ्यावर जाते. तुमच्यापैकी कितीतरी जण दिवाळीनंतर ऊस तोडायला जाता. पोरे म्हातारीपाशी ठेवून जाता. रात्री कोपीवर दमून आल्यावर फोन लागला तर लागला. पण एखाद्या रविवारी ही पेटी उघडा. आपली कोपी काढा, बैल काढा, उसाची मोळी काढा. खाली दोन ओळी आपल्या हाताने लिहा. ते कार्ड पोर दप्तरात ठेवील. पुन्हा पुन्हा काढून पाहील. आई-बाप कुठे राहतात, काय करतात, हे त्याला कळेल. आणि आईला लिहिता येते, हेही कळेल.

एक मात्र विसरू नका. चित्र काढता आले म्हणून अक्षर सोडू नका. विहीर आटली हे चित्राने कळते. पण औषध किती वाजता घ्यायचे, सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे, हे चित्राने कळत नाही. त्याला अक्षरच लागते. आमच्या सौ.ने चित्राखाली अक्षर लिहिले, तेव्हाच तिचे पत्र पुरे झाले.

पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा येऊ. येताना प्रत्येकाने एक मूठ माती आणा. ज्याच्या त्याच्या रानातली. काळी, तांबडी, पिवळी, असेल ती. लादी आणि डिंक आम्ही आणू. आपण इथेच बसून घोटू.